पाच खाचांचा वाघोबा

शके अठराशे दोनच्या हिवाळ्यात निगुडवलीत जमिनीच्या वर एवढ्या गोष्टी दिसत होत्या. घरांची जोती अकरा. त्यांतली नऊ एका ओळीत, दोन जरा बाजूला. देवळाच्या पायाचे घडीव दगड सहा. फुटके पाटे दोन. खडकातच कोरलेलं उखळ एक. त्यात पावसाचं पाणी साठे आणि बुलबुल येऊन आंघोळ करत. चिंचा चार, सरळ रांगेत. आपोआप उगवलेली झाडं अशी रांग धरत नाहीत. तळ्याचा खळगा एक, लव्हाळ्याने भरलेला. खापरं मोजण्यापलीकडची. आणि कमरेएवढ्या उंचीचा, शेंदूर फासलेला उभा दगड एक.

त्या मोजणीतला शेवटचा तो मी. मित्रांनो, मी काळ्या पाषाणाचा आहे आणि माझं वय मला सांगता येत नाही. दगडाचं खरं वय काढायचं तर तो तापलेल्या रसाचा थंड झाला तिथून मोजावं लागेल, आणि त्या हिशेबाचा माणसांच्या गोष्टीशी काही संबंध नाही. म्हणून मी पाथरवटाच्या हातोड्यापासून सुरुवात करतो.

त्या काळी कल्याणच्या बंदरात दूरदेशीची गलबतं लागत आणि खाडीचा एक फाटा निगुडवलीच्या पायथ्यापर्यंत येई. गाव उंचवट्यावर होतं. खाली खारं पाणी, वर मुरूम आणि खडक. गावाला गोडं पाणी हवं होतं, म्हणून लोकांनी खडकात विहीर खोदली. ठाण्या-कल्याणकडची माणसं विहिरीला बाव म्हणतात, तर मीही बावच म्हणेन. बावीच्या काठासाठी दोन पाथरवट भावांनी मला डोंगरातून काढलं. ते खडकात ओळीने भोकं पाडत, त्यांत सुक्या लाकडाच्या पाचरी ठोकत आणि पाचरींवर पाणी ओतत. लाकूड फुगे, आणि खडक सुतासारखा सरळ फुटे. मग छिन्नीने मला घडवलं: लांबी साडेतीन हात, रुंदी सव्वा हात, जाडी एक वीत. मला काठावर आडवा बसवलं, माझी लांब कड किंचित पाण्यावर पुढे काढून, म्हणजे घागर भिंतीला आपटू नये.

माझं काम सोपं होतं. बाया माझ्यावर पाय रोवून उभ्या राहत, दोर माझ्या कडेवरून खाली सोडत आणि भरलेली घागर वर ओढत. दोर काथ्याचा असे आणि काथ्या दगडाहून पुष्कळ मऊ. तरी दगड झिजतो, कारण ओल्या दोराला वाळूचे बारीक कण चिकटतात आणि घासतात ते कण. पहिल्या पिढीत माझ्या कडेवर नुसती चकाकी आली. पुढच्या पिढीत बोट टेकेल एवढा खळगा झाला. मग अंगठा मावू लागला. बाया आपापल्या ठरलेल्या जागी उभ्या राहत, त्यामुळे खाचा पाच पडल्या. त्यांतली एक तिरकी आहे. तिची सुरुवात एका डावखुऱ्या बाईने केली आणि मागून आलेल्यांनी तीच वाट धरली.

ते माझे चांगले दिवस होते. बाळंतीण पहिल्यांदा पाण्यावर आली की आधी बावीची पूजा करी आणि मला हळदीकुंकू लावी. नवी सून आली की सासू तिला माझ्यापाशी आणून तिची जागा दाखवी. कोण कुणाशी बोलत नाही, कुणाच्या घरी काय शिजलं, कुणाचा मचवा अजून परतला नाही, हे सगळं मला घरच्या माणसांच्या आधी कळे.

गाव एका रात्रीत ओसाड पडतं असं पुष्कळांना वाटतं. माझं गाव हळूहळू ओसाड पडलं. खाडीचा फाटा गाळाने भरू लागला. आधी मोठे मचवे यायचे थांबले, मग लहान होड्या. वाणी पहिल्यांदा गेला, कारण माल उतरत नव्हता. त्याच्यामागून तेली. मग कुंभार, कारण मडकी घेणारं कुणी उरलं नाही. देवळातला देव पालखीत घालून नेला, त्या दिवशी बराच गाव एकदम गेला. शेवटी एक घर राहिलं. त्या घरातली बाई सकाळी एकटी पाण्यावर येई आणि पाच खाचांपैकी कधी या, कधी त्या खाचेतून पाणी काढी.

तीही निघाली तेव्हा नवऱ्याला म्हणाली, “बाव उघडी टाकून जाऊ नका, गुरं पडतील.” नवऱ्याने आणि दिरांनी देवळाच्या आवारातल्या तीन मोठ्या फरश्या आणून तोंडावर टाकल्या, फटी चिखलाने लिंपल्या. मग ती म्हणाली, “आणि हा काठाचा दगड उभा करा. कुणी तहानेलं आलं तर त्याला खूण दिसली पाहिजे.” त्यांनी मला जागच्या जागी लांबीवर उचलून उभं केलं आणि बुंधा वीतभर पुरला. माझी खाचांची कड होती तशी पाण्याच्या बाजूलाच राहिली. मग ती माणसं गेली. खूण वाचणारं कुणी यायला फार काळ लागला.

फरश्यांवर माती साठली, मातीवर गवत आलं. खाली खाडीच्या काठाला मीठ पिकवणारी आगरी माणसं येऊन राहिली आणि त्यांच्या वस्तीला करंजपाडा नाव पडलं. एकदा त्यांचं वासरू वाघाने माझ्यापासून थोड्या अंतरावर मारलं. माणसं शोधत आली. त्यांना रक्त दिसलं, आणि समोर एक उभा दगड दिसला, ज्याच्या अंगावर आडव्या खाचा होत्या. त्यांनी ठरवलं की वाघाने पंजा मारून आपली जागा दाखवली आहे.

वाघ झाडावर नखं घासतो तेव्हा चार रेघा उमटतात आणि त्या शेवटाकडे निमुळत्या होतात. माझ्यावर पाच होत्या, आणि कडेशी सर्वांत खोल. पण घाबरलेला माणूस मोजत बसत नाही. मी वाघोबा झालो.

दरवर्षी दिवाळीच्या आधी वाघबारशीला पाड्यातले पुरुष येत, मला शेंदूर लावत, नारळ फोडत, कोंबडं देत. माझ्या तोंडासमोर बसून गाऱ्हाणं घालत. माझ्या तोंडासमोर म्हणजे झाकलेल्या बावीच्या बरोबर वर. बायांनी पहिल्या चिंचेच्या पुढे यायचं नाही, असा नियम होता. एवढ्या नियमामुळे एक गोष्ट पिढ्यानुपिढ्या राहून गेली. ज्यांना माझ्या खाचा जवळून दिसत, त्यांनी जन्मात कधी बावीवरून पाणी भरलं नव्हतं. आणि ज्या रोज पाणी भरत, त्या माझ्यापासून लांब उभ्या राहत. मध्ये एकदा सरकारी मोजणीवाले साखळी घेऊन आले. एकाने माझ्यावर छत्री टेकवली, “ओसाड,” असं म्हणाला आणि पुढे गेला.

आता त्या वर्षाची गोष्ट. श्रावणात मोठं उधाण आलं आणि करंजपाड्याचा खाडीचा बांध फुटला. मिठागरांचं जे व्हायचं ते झालंच, पण खारं पाणी पाड्याच्या एकुलत्या बावीत शिरलं. बांध पुन्हा घातला, बाव उपसली, तरी दिवाळीपर्यंत पाणी मचूळ झालं आणि पौषात ते गुरंही पिईनात. बाया चढण चढून वरच्या गावाच्या बावीवर जाऊ लागल्या. तिथल्या बाया आधी हळहळल्या, मग कुरकुरल्या, मग म्हणाल्या की आमचं भरून झाल्यावर या.

पाड्याचा म्होरक्या पंढरी पुरुषांना घेऊन माझ्याकडे कौल लावायला आला. माझी पूजा धाकू भगताच्या घराण्याकडे होती. धाकूने माझ्या डाव्या आणि उजव्या अंगाला पाण्यात भिजवलेला एकेक तांदूळ चिकटवला.

“देवा,” पंढरी म्हणाला, “पाडा राखायचा असल तर उजवा दे. उठवायचा असल तर डावा दे.”

सकाळची वेळ होती. माझ्या डाव्या अंगावर ऊन होतं, उजवं अंग चिंचेच्या सावलीत. डावीकडचा ओलावा आधी सुकला आणि डावा तांदूळ पडला. पुरुष उठले. शिमगा झाला की ज्याचे जिथं सोयरे असतील तिथं त्याने जायचं ठरलं: कुणी ठाण्याकडे, कुणी भिवंडीकडे, कुणी पार पनवेलच्या बाजूला. म्हणजे पाडा दुसरीकडे जाणार नव्हता. तो मोडणारच होता.

दोन-तीन दिवसांनी वरच्या गावाहून पाणी घेऊन येणाऱ्या दोन बाया पहिल्या चिंचेखाली टेकल्या. एक तुळसा, राघोची बायको. दुसरी तिची शेजारीण बायजा. वरच्या गावात कुणी आपला दोर वापरू देत नसे, म्हणून दोघींच्या खांद्यावर स्वतःच्या दोराची वेटोळी होती.

“तुझी सासू काय बोलते गो?” बायजाने विचारलं.

“बोलते, मी हलनार नाय. तिचे पाय तर गेलेच हायत. बोलते, तुमी जा, मना हितंच ठेवा, मी मचूळ पिऊन मरन.”

“नि राघो?”

“तो आईकडं बघतो, माझ्याकडं बघतो, नि जाळं इनायला बसतो.”

तुळसाने हंडा खाली ठेवला आणि ती सरळ माझ्याकडे चालू लागली.

“तुळसे, पुढं जाऊ नको. बायांनी जायचं नाय.”

“यानं पाडा उठवला. मना याचं तोंड बघायचंय.”

“बघून काय करनार?”

“इचारनार. सासूला पाठीवर घालून नेऊ का हितंच सोडू.”

“नि वाघ आला तर?”

“तर तुना उद्यापासून एकटीनं यावं लागंल.”

ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. उन्हाने माझ्यावरच्या शेंदराचे पोपडे सुटले होते. एक पोपडा तिने नखाने उडवला. खालची खाच गुळगुळीत होती. तिने तिच्यात बोट घातलं, मग अंगठा. मग मान खांद्यावर टेकेपर्यंत वाकडी केली आणि मला आडवा कल्पून पाहिलं. खांद्यावरचा दोर काढून तिने खाचेत बसवला. दोर तिथं घरच्यासारखा बसला.

“बायजे, हिकडं ये.”

“मी नाय येत.”

“ये गो. यो वाघ पानी भरीत होता.”

बायजा चार ठिकाणी थांबत आली. तिने आधी हात पदराला पुसला, मग खाचेवरून फिरवला.

“आपल्या बावीला अशाच हायत,” ती म्हणाली. “कडेची माझी.”

“तिच्या बाजूची माझी.”

“मंग ही तिरकी कोनाची?”

“असल कोन डावरी.”

मित्रांनो, मला ओळखणारं माणूस इतक्या काळानंतर भेटलं, तेव्हा मला काय वाटलं असं तुम्ही विचाराल. दगडाला काही वाटत असेल तर ते त्याच्या अंगावर दिसायला फार काळ लागतो. पुढे काय झालं तेवढं मी सांगतो.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर सगळा पाडाच वर आला. राघोने आईला, सखुबाईला, पाठीवर घेतलं होतं.

“हळू रे,” ती म्हणत होती. “मी मिठाची गोन नाय.”

बाया पहिल्या चिंचेशी थांबल्या. धाकू माझ्या शेजारी उभा होता. त्याचा चेहरा उतरला होता.

“तुळसे, तू चिंच ओलांडलीस?”

“ओलांडली.”

“देवाला हात लावलास?”

“लावला. धाकूबा, एक इचारू? तुमी बावीवरून पानी किती येळा भरलंय?”

“आमी कशाला भरू? घरात बाया नायत काय?”

“मंग तुमाना कसं कळंल?”

कुणीतरी हसलं. सखुबाई म्हणाली, “राघो, मना देवाजवळ ने.” धाकू आडवा आला.

“आत्याबाय, नको. आजानं सांगितलं, बापानं सांगितलं. आता त्यांना खोटं पाडायचं?”

“धाक्या, तुझी बायको लग्न होऊन आली तवा तिला पहिली घागर मी भरायला शिकवली. दोन घागरी फोडल्यान तिनं, तिसरी धड वर आली. तिला आन, नि मना आन. आमी दोघी हात लावतो. नुसती वाघाची नखं असली तर मी पहिली बोलन, चला उठा, नि राघोच्या पाठीवर गप बसून जाईन.”

धाकूने पंढरीकडे पाहिलं. पंढरीने मान हलवली. सखुबाईला माझ्यासमोर बसवलं. तिने डोळे मिटून माझ्या कडेवरून हात फिरवला, वरून खाली, पाचही खाचांवरून. मग धाकूच्या बायकोने फिरवला. मग एकेक करून सगळ्याच बाया आल्या. पुरुष उभे राहून पाहत होते. बाया काही सिद्ध करत नव्हत्या. त्या आपापसात बोलत होत्या: ही किती खोल गेलीय, इथं उंच बाई उभी राहत असेल, इथं पोटुशी बाई उभी राहिली तर पाय घसरेल. बावीवर बोलतात तसंच बोलत होत्या.

“दगड बावीचा असल,” पंढरी म्हणाला. “पन बाव हितंच असल कशावरून? कोनी उचलून आनला असल.”

“एवढा दगड कोन आनतोय चढावर,” राघो म्हणाला. तो पहिल्यांदाच बोलला.

“नि खनून पानी नाय लागलं तर?”

“तर आपन उठनारच होतो,” तुळसा म्हणाली. “एक खड्डा मागं ऱ्हाईल.”

“नि खारं लागलं तर?”

सगळ्यांच्या नजरा खाली वळल्या. खाडी तिथून दिसत होती.

“धाकूबा,” तुळसा म्हणाली, “मी देवाला नाय बोलत नाय. वाघ या रानात हायच. तुमी त्याला हलवू नका, जसा हाय तसा ऱ्हाऊ दे. त्याच्या पायाशी खना.”

धाकूने पुन्हा कौल लावला. दोन्ही अंगांना तांदूळ चिकटवले आणि खणू का, असं विचारलं. ऊन कललं होतं आणि माझी दोन्ही अंगं सावलीत होती. ओलावा सुकेना. तांदूळ जागचे हलेनात. सगळे बसून राहिले. पोरं कंटाळून चिंचा वेचायला गेली.

“देव नाय पन बोलला नाय,” पंढरी म्हणाला.

“त्याला कुदळ धरता येत नाय,” सखुबाई म्हणाली. “मंग तो काय बोलनार?”

धाकू उठला. त्याने माझ्यासमोर डोकं टेकलं, राघोच्या हातातली कुदळ घेतली आणि म्हणाला, “पहिला घाव माझा. देवाच्या पायाशी दुसऱ्याचा नको.” मग तुळसाला विचारलं, “कुठल्या बाजूला?”

“दोर जिकडं उतरतो तिकडं.”

म्हणजे जिथं तो वर्षानुवर्षं गुडघे टेकत होता तिथं.

वरच्या थरात करवंट्यांचे तुकडे आणि कोंबड्यांची हाडं निघाली, पाड्यानेच दिलेली. त्याखाली काळी माती. त्याखाली खापरं, राख, कालवांच्या शिंपा आणि एक निळा काचेचा मणी, जो बायजाने कनवटीला लावला. हातभर खोलीवर कुदळ दगडावर वाजली. माती बाजूला केली तेव्हा घडीव फरशीची कड दिसली, आणि कडेशी हाताच्या बोटांचे ठसे असलेला सुका चिखल. ज्यांनी तो लिंपला त्यांची बोटं त्यात तशीच होती. धाकूने त्या ठशांवर आपली बोटं ठेवून पाहिली आणि कुदळ राघोच्या हाती दिली.

दुसऱ्या दिवशी पहारी आणि सागाचे वासे लावून पहिली फरशी सरकवली. आतून थंड, कुबट हवा आली. सगळे मागे सरले. पंढरीने खडा टाकला. खाली पाणी वाजलं.

पाणी होतं, पण काळं होतं आणि त्याला वास होता. ते प्यायचं नव्हतं, उपसायचं होतं. सगळा पाडा उपशाला लागला. पुरुष आत उतरून गाळ भरत आणि बाया वर ओढत, कारण ओढायची सवय त्यांना होती. गाळातून झाडांची मुळं निघाली, फुटक्या घागरी निघाल्या, गंजून पातळ झालेली एक लोखंडी कडी निघाली. तळ साफ झाल्यावर खडकाच्या दोन भेगांतून पाणी येताना दिसलं. एक रात्र त्यांनी बाव तशीच सोडली.

सकाळी तुळसाने पहिली घागर काढली. पाणी स्वच्छ दिसत होतं, पण खारं पाणीही स्वच्छच दिसतं. धाकूने आधी माझ्यावर थोडं ओतलं. मग घागरीभोवती सगळे उभे राहिले आणि कुणीच हात पुढे करेना.

“मना द्या,” सखुबाई म्हणाली. “माझ्या जिभेला मचूळाची सवय हाय. फरक मनाच कळंल.”

तिने ओंजळभर तोंडात घेतलं आणि बराच वेळ धरून ठेवलं. मग गिळलं.

“भाकरीत मीठ घालायला लागंल आता,” ती म्हणाली.

मीठ पिकवणाऱ्या पाड्यात हे बोलणं समजायला कुणाला वेळ लागला नाही. तुळसा खाली बसली आणि तिने तोंडावर पदर घेतला. बायजा तिला म्हणाली, “आता रडून परत खारं नको करू.”

पण पंढरी म्होरक्या होता आणि त्याला पुढचं पाहायचं होतं. माघात पाणी असणं म्हणजे काही नाही; खडकातले झरे पुष्कळदा चैत्रात आटतात. त्याने सांगितलं की शिमग्याला कुणी उठायचं नाही, पण बांधलेली गाठोडी सोडायचीही नाहीत. दिवसातून दोनदा पाणी भरायचं, सगळ्या पाड्याचं, सगळ्या गुरांचं, नेहमीसारखं. वैशाख संपेल त्या दिवशी बाव मोजायची. पाणी पुरुषभर, म्हणजे उभ्या माणसाच्या हात वर केलेल्या उंचीएवढं असलं, तर पाडा राहील. कमी भरलं, तर पावसाआधी निघायचं. सखुबाईनेही याला हरकत घेतली नाही.

माझं काय करायचं, हा प्रश्न त्यांनी पुढे ढकलला, आणि तो अजून तसाच आहे. बायांना मी काठावर आडवा हवा आहे. धाकूला मी उभा हवा आहे. तोंडावर सध्या एक ओंडका टाकला आहे आणि त्यावरून दोर सोडतात. मी शेजारी उभा राहून ऐकतो. बावीवरच्या गप्पा फारशा बदललेल्या नाहीत.

मित्रांनो, तुमच्याही गावाबाहेर असं रान असेल, जिथं चिंचा ओळीने उभ्या आहेत आणि नांगराला खापरं लागतात. तिथला पाटा उचलून घरी आणू नका आणि जोत्याचा दगड काढून दुसऱ्या जोत्याला लावू नका. तो जिथं पडला आहे तिथंच त्याचं म्हणणं कळतं. जागेवरून हलवला की तो नुसता दगड होतो. मला कुणी उचलून नेलं असतं तर माझ्या पायाशी काय आहे हे माझ्या अंगावरून कुणालाच वाचता आलं नसतं. शेंदूर लावायचा असेल तर लावा, पण आधी कडेवरून एकदा हात फिरवा. आणि ज्या कामाची ती वस्तू वाटेल, ते काम रोज करणाऱ्या माणसालाही हात फिरवू द्या, मग तो पुरुष असो की बाई.

वैशाखाच्या शेवटच्या दिवशी सकाळचं पाणी भरून झाल्यावर पाडा बावीभोवती जमला. राघोने दोराला दगड बांधून आत सोडला, तळाला टेकल्यावर ताणून धरला आणि वर ओढला. पंढरीने ओला भाग जमिनीवर पसरून आपल्या हाताने मोजला, मग धाकूने त्याच्या हाताने मोजला. पाणी दोन पुरुष आणि वर एक हात भरलं.